भीतीशी इमान

‘मूळ कलाकृतीशी प्रामाणिक’ हे तीन शब्द आजकाल चित्रपटांच्या जाहिरातींत असे मिरवतात, की जणू दूध निर्भेळ असल्याचा दाखलाच! कादंबरीवरून चित्रपट निघाला की ते येतात, नाटकावरून निघाला की येतात, आणि व्हिडिओ गेमवरून, म्हणजे संगणकावर वा मोबाईलवर खेळायच्या खेळांवरून चित्रपट निघू लागल्यापासून तर त्यांना ऊत आला आहे. पहिला चित्रपट चाहत्यांना रुचला नाही, की तीच मालिका पुन्हा पहिल्यापासून, ‘या खेपेस अगदी खेळाबरहुकूम’ अशी शपथ वाहून काढायची, अशी रीतच पडली आहे. भयाच्या खेळांच्या बाबतीत ही शपथ जरा जास्तच मोठ्याने घेतली जाते. मला शंका आहे ती या शपथेबद्दलच. प्रामाणिक राहायचे ते नेमके कशाशी? भिंतींशी, कपड्यांशी, पात्रांच्या नावांशी? की ज्या भीतीपायी ती वस्तू लोकांच्या मनात घर करून राहिली, त्या भीतीशी?

प्राध्यापक मंडळींपैकी काहींना हा सारा विषयच पोरकट वाटेल याची मला कल्पना आहे. त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या वसतिगृहातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ‘ग्रॅनी’ विचारा. २०१७ साली निघालेला हा मोबाईलवरचा खेळ खेड्यापाड्यांतल्या पोरांनीही खेळलेला आहे. एका घरात तुम्ही कोंडलेले आहात. घरात एक म्हातारी आहे. सुटायला तुमच्याजवळ पाच दिवस आहेत. म्हातारीला सारे ऐकू येते. हातातून वस्तू पडली, पायाखालची फळी करकरली, की ती आलीच. बस्स, एवढाच खेळ. चित्रे ओबडधोबड, गोष्ट म्हणावी तर काहीच नाही. तरीही रात्री पांघरुणात मोबाईल धरून तो खेळणाऱ्या पोराचा श्वास रोखलेला असतो. का? कारण तिथे चालणारे पाऊल त्याचे स्वतःचे असते. फळी करकरली तर चूक नायकाची होत नाही, त्याची होते. भयाच्या खेळाचे मर्म मला या एका गोष्टीत दिसते.

आता मोठ्या उदाहरणाकडे येतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९६ साली ‘रेसिडेंट एव्हिल’ नावाचा खेळ काढला. शिंजी मिकामी हे त्याचे दिग्दर्शक. रानातली एक हवेली, तीत शिरलेले काही पोलीस, आणि आत मेलेली पण न मेलेली माणसे. वर्णन ऐकून हसू येईल. पण खेळाची रचना मोठी कठोर होती. बंदुकीत गोळ्या थोड्या. खेळ जिथवर आला तिथे जपून ठेवायचा, तर हवेलीतले एखादे टंकलेखन यंत्र गाठायचे, आणि त्यासाठी शाईची फीत लागायची. त्या फितीही मोजक्याच. म्हणजे धीरसुद्धा शिधापत्रिकेवर! खोलीतून खोलीत जाताना पडदा काळा होई आणि एक दार सावकाश उघडताना दिसे. खरे तर पुढच्या खोलीची चित्रे तबकडीवरून उचलायला यंत्राला तेवढा वेळ लागे, आणि ती वेळ दाराने झाकलेली होती. पण खेळणाऱ्याला त्याचे काय! दारापलीकडे काय असेल या विचाराने त्याच्या हाताला घाम फुटायचा. यंत्राची अडचण भीतीच्या कामी आली.

या खेळावरून २००२ साली पॉल अँडरसन यांनी चित्रपट काढला. त्यात मिला योवोविचने उभी केलेली ॲलिस ही नायिका मूळ खेळांत कुठेच नाही. २०१६ पर्यंत असे सहा चित्रपट निघाले आणि सर्वांनी मिळून १२० कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. त्यापूर्वी भयपटांचे बुजुर्ग जॉर्ज रोमेरो यांनी लिहिलेली, हवेलीला बरीच धरून असलेली पटकथा निर्मात्यांनी नाकारली होती. चाहते वर्षानुवर्षे कुरकुरत राहिले. मग २०२१ साली जोहान्स रॉबर्ट्स यांनी नव्याने डाव मांडला. पहिल्या दोन खेळांची कथा, १९९८ साल, खेळातलीच माणसे, खेळातल्या आराखड्यांवरून उभारलेली हवेली आणि पोलीसठाणे. शपथ अक्षरशः पाळली. आणि तरीही चित्रपट पाहताना भीती वाटत नाही! ओळख पटते. ‘अरे, ही तीच पायरी,’ ‘हा तोच दिवाणखाना,’ एवढेच मनात येत राहते. दोन खेळांचा ऐवज पावणेदोन तासांत कोंबल्यावर दार सावकाश उघडणार कधी? गोळ्या किती उरल्या हे प्रेक्षकाला कोण सांगणार? कमाईही चार कोटी डॉलरांच्या आसपासच थांबली. अर्थात कमाईवरून कलाकृती मोजू नये, नाहीतर ॲलिसबाईंना पहिला क्रमांक द्यावा लागेल.

गंमत अशी, की ज्या खेळाशी एवढे इमान राखायचे तो खेळ स्वतःच मोठा बेइमान होता. कियोशी कुरोसावा यांचा ‘स्वीट होम’ नावाचा जपानी भयपट १९८९ साली आला. त्याच वर्षी त्यावरून कॅपकॉमने त्याच नावाचा खेळ काढला. पुढे त्या खेळाची नवी आवृत्ती करायला म्हणून मंडळी बसली आणि त्यातून जन्मला ‘रेसिडेंट एव्हिल’. चित्रपटाचा खेळ, खेळाचा खेळ, त्याचा चित्रपट, आणि पुन्हा चित्रपट. यात ‘मूळ’ कोणते ते ज्याने त्याने ठरवावे.

हे सारे परदेशचे झाले. आपल्याकडे भयाच्या खेळावरून निघालेला चित्रपट मला माहीत नाही. पण भयकथेवरून निघालेला एक चित्रपट असा आहे, की ज्याचा प्रवास वरच्या जपानी प्रवासाहूनही नवलाचा आहे, आणि त्यातला एक मुक्काम आपल्या विदर्भातला आहे. मी ‘तुंबाड’बद्दल बोलतो आहे.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी मुलाखतींतून सांगितलेली हकिकत अशी, की १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात त्यांच्या एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली आणि ते विलक्षण घाबरले. गोष्ट होती ‘आजी’. आता धारपांची ‘आजी’ तरी कुठली? स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून ती बेतलेली. धारपांनी किंग यांचे बरेच काही मराठीत आणले. ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ या कादंबऱ्यांचे मूळही तिकडेच आहे. म्हणजे पाहा, अमेरिकेतल्या मेन राज्यातली एक म्हातारी पुण्यात धारपांच्या लेखणीतून मराठी झाली, गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून एका मुलाच्या कानात शिरली, पंचवीस वर्षे त्याच्या डोक्यात राहिली, आणि शेवटी कोकणातल्या धो धो पावसात साखळदंडाने बांधलेली अशी पडद्यावर आली. चित्रीकरण २०१२ ला सुरू झाले. चित्रपट लागायला १२ ऑक्टोबर २०१८ उजाडला. नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि घेतले ते नावच. (चित्रपट पाहून कोणी ग्रंथालयातून त्या कादंबरीचे दोन जाड खंड हस्तराच्या आशेने घरी नेले असतील, तर त्यांना खोतांच्या चार पिढ्या भेटतील. वाया काहीच जाणार नाही, पण भूत मिळणार नाही.)

या प्रवासात कोण कोणाशी प्रामाणिक राहिले? शब्दांशी तर कोणीच नाही. कथेशीही फारसे नाही. ‘तुंबाड’मधल्या सोन्याच्या मुद्रा, १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ, यांचा किंग वा धारप यांच्याशी संबंध नाही. टिकली ती एकच गोष्ट. एक लहान मूल घरात एकटे आहे, आणि पलीकडच्या खोलीत एक म्हातारी आहे जी आपलीच आहे आणि आपली नाही. ही भीती मात्र मेनपासून तुंबाडपर्यंत सांडली नाही. मला वाटते याचे एक कारण नागझिऱ्यात आहे. बर्वे यांनी गोष्ट ऐकली होती. ऐकणाऱ्याला म्हातारी दाखवावी लागत नाही; ज्याच्या त्याच्या घरची म्हातारी तिथे येऊन बसते.

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायला नको. जागलीला गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. रानडुकरे आणि रोही पीक ठेवत नाहीत म्हणून शेतात रात्र काढावी लागते; माळ्यावर दोघे-तिघे बसले की बोलणे हटकून चकव्याकडे वळते. आमचे आबाजी गोष्ट सांगताना आवाज चढवत नसत. उलट उतरवत. “थो नाला हाय ना आपला, त्याच्या पल्याड दिवा दिसला तं जाऊ नोको बाप्पा. अन् मांगं वयून पाहू नोको.” गोष्ट संपली. भूत आले नाही, रक्त सांडले नाही. पण नाला आमचाच होता, आणि पहाटे त्याच नाल्यावरून घरी यायचे होते! सांगणारा अर्धी गोष्ट सांगतो, उरलेली अर्धी ऐकणारा आपल्या पायांनी चालतो. ‘ग्रॅनी’ खेळणाऱ्या पोराची हीच गत असते. म्हणून मला व्हिडिओ गेम हा चित्रपटापेक्षा जागलीच्या गोष्टीला जवळचा वाटतो, मग कोणी हसले तरी हरकत नाही.

चित्रपट मात्र अडचणीत सापडतो. त्याला दाखवावेच लागते, आणि प्रेक्षकाच्या हातात काहीच नसते. ही अडचण ज्याने ओळखली तोच पुढे जातो. ‘तुंबाड’मधली विहिरीखालची दृश्ये आठवा. हस्तराला अन्न कधीच मिळालेले नाही, म्हणून कणकेची बाहुली पुढे टाकायची. तो तिच्यावर तुटून पडेल तेवढ्या वेळात त्याच्या कमरेच्या मुद्रा ओढायच्या. पिठाच्या रिंगणाबाहेर पाय टाकायचा नाही. एक बाहुली म्हणजे काही क्षण. हा नियम एकदा कळला की प्रेक्षक आपोआप मोजू लागतो: बाहुल्या किती, मुद्रा किती, रिंगण शाबूत आहे ना? कोणत्याही खेळावरून न काढलेल्या या चित्रपटात खेळाची सारी टंचाई आहे. आणि खेळाबरहुकूम काढलेल्या २०२१ च्या चित्रपटात नेमकी तीच नाही! जॉन क्रासिन्स्की यांच्या २०१८ च्या ‘अ क्वायट प्लेस’चेही तसेच. तोही कुठल्या खेळावरचा नाही, पण आवाज केला की मेलो एवढा एकच नियम त्याने असा पाळला, की पाहणाऱ्याचा हात खाऱ्या दाण्यांच्या पुडीकडे जाताना थबकावा.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. भयाच्या खेळाशी प्रामाणिक राहायचे तर त्या खेळात माणसाला कशाची टंचाई होती ते आधी शोधावे. गोळ्यांची, उजेडाची, आवाज करण्याच्या मुभेची, वेळेची? ती टंचाई पडद्यावर आली, तर हवेलीच्या जागी पुसदचा एखादा जुना वाडा चालेल. ती नसेल तर हवेलीची वीट न् वीट जुळली तरी ती नुसती नक्कल-प्रत. शिक्का असतो, सही नसते.

यावर आमच्यातले कट्टर खेळाडू एक आक्षेप घेतात आणि तो टाकाऊ नाही. ते म्हणतात, ‘असे म्हणत म्हणतच तर त्या अँडरसनने ॲलिस घुसडली. “भावार्थ” म्हणायचा आणि मन मानेल ते करायचे. यापेक्षा अक्षराला चिकटणारा बरा.’ खरे आहे. भावार्थाच्या नावाखाली आळस खपतो. क्रिस्तोफ गान्स यांनी २००६ साली ‘सायलेंट हिल’ केला तेव्हा नायकाची नायिका केली, बापाच्या जागी आई आणली. पण अकिरा यामाओका यांचे खेळातले संगीत ठेवले, धुके ठेवले, गंजलेल्या गावाची अवकळा ठेवली, आणि तो बदल बऱ्याच अंशी पचला. म्हणजे बदल करावा, पण ज्यावर भीती तोललेली आहे तो खांब सोडून. कोणता खांब तोललेला आहे हे कळायला मात्र खेळ खेळलेला असावा लागतो, आणि खेळताना भ्यालेले असावे लागते.

भाषेचे काय, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. ‘तुंबाड’ माझा आवडता चित्रपट. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला याचा आनंदही झाला. पण कोकणातली ती माणसे हिंदीत बोलतात तेव्हा मला दर वेळी ठेच लागते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली मराठीत आला. उसाचे अफाट शेत, त्यात अडकलेली गर्भार बाई, आणि तिच्याशी मायेने बोलणारी उषा नाईकांची म्हातारी. त्या मायेचीच भीती वाटते. २०२१ साली त्याच दिग्दर्शकाने तोच चित्रपट ‘छोरी’ म्हणून हिंदीत केला. यापेक्षा प्रामाणिक रूपांतर कोणते असणार, स्वतःचेच स्वतः केलेले! ऊस तोच, चकवा तोच. मीता वशिष्ठ कसलेल्या अभिनेत्री आहेत यातही वाद नाही. पण आपल्या घरातल्या आजीने ज्या स्वरात जेवायला बोलवावे त्या स्वरात येणारी भीती माझ्यापुरती तरी ओसरली. मोठ्या बाजाराची भाषा घ्यावी लागते हे मला समजते. समजते, पटत नाही.

हा सारा खल मी का मांडतो आहे, याला एक कारण आपल्या जिल्ह्यात आहे. ‘तुंबाड’ लागला त्यानंतर बरोब्बर तीन आठवड्यांनी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात टी-१ वाघीण गोळी लागून मेली. बाहेरच्या जगाने तिला अवनी म्हटले. २०१६ पासून राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसे मेली आणि त्यांतल्या बहुतेकांचे खापर तिच्यावर होते. तिला मारले ते योग्य की अयोग्य हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. तो इथे उकरायचा नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की त्या शरद ऋतूत शहरांतली माणसे तिकीट काढून भ्यायला जात होती, आणि आपल्याकडची माणसे कापूस वेचायला जाताना भीत होती.

या प्रकरणावरून आज ना उद्या चित्रपट निघणार, खेळही निघणार. २०२१ साली अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ आला तो काल्पनिक कथा म्हणून. तरी यवतमाळात तो पाहणाऱ्याला टी-१ आठवल्याशिवाय राहिली नाही. चित्रपट संयत आहे, विद्या बालनची वनाधिकारी मनात राहते. पण ती गोष्ट अधिकाऱ्याची आहे, बाहेरून आलेल्या डोळ्यांची आहे. उद्या कोणी ‘सत्य घटनेशी प्रामाणिक’ अशी पाटी लावून आला तर तो काय दाखवील हे मी आताच सांगू शकतो. तो हत्ती दाखवील, कारण शोधासाठी खरोखरच हत्ती आणले होते. त्यांतला एक साखळी तोडून सुटला आणि त्याच्यापायी एका बाईचा जीव गेला. तो पॅराग्लायडर दाखवील, इटालियन जातीची शिकारी कुत्री दाखवील, आणि केल्विन क्लाईनचे ‘ऑब्सेशन’ अत्तर तर हमखास दाखवील, कारण वाघिणीला भुलवायला तेही शिंपडले होते. यातले काहीही खोटे नाही. सारे वर्तमानपत्रांत छापून आलेले. आणि या साऱ्यात त्या बाईची भीती कुठेच नाही, जी पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली आहे आणि शेजारच्या उभ्या तुरीकडे दर दहा बोंडांमागे एकदा पाहते आहे.

वेचणीची मजुरी किलोवर असते. जास्त वेचले तर जास्त पैसे. ऑक्टोबर संपता संपता दिवस लहान होत जातो, सकाळी दव असते म्हणून लवकर सुरुवात करता येत नाही, आणि संध्याकाळी सगळ्याजणींनी घोळक्यानेच परतायचे असते. एकीची ओटी भरायची राहिली म्हणून बाकीच्या थांबणार, की ती अर्ध्या मजुरीवर उठणार? त्या महिन्यांत हा हिशेब आपल्या गावांतून रोज झाला. विनायकाच्या कणकेच्या बाहुल्यांपेक्षा तो सोपा नव्हता, आणि त्यात हाव नव्हती, गरज होती. खेळ करायचाच झाला तर आपल्याच संगणकाच्या वर्गातल्या कोणी करावा. खेळणाऱ्याच्या हाती बंदूक देऊ नये. कमरेला ओटी द्यावी, बरोबर चार बाया द्याव्यात, त्यांना वऱ्हाडीत बोलू द्यावे, आणि वाघीण शेवटपर्यंत न दाखवली तरी चालेल. आणि चित्रपट कोणी काढला, तर त्याने किलोचा आणि उजेडाचा हा हिशेब तेवढा सोडू नये. हत्ती आणि अत्तर वगळले तरी आमची तक्रार नाही.